श्पांडाऊचा किल्ला आणि आमचे आण्णा

(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, मुलांच्या किल्ले स्पर्धेच्या बक्षीस समारंभाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना विसरलेल्या दोन-चार गोष्टी इथे लिहिताना घातल्या आहेत.)



आधीच कबूल करतो, मी इतिहासकार नाही. आयुष्यभर पंप आणि व्हॉल्व्ह केले. समितीचा फोन आला की "किल्ल्यांवर वीस मिनिटं बोला, मुलांना समजेल असं बोला, आणि फराळाच्या आधी संपवा." यातली तिसरी अट सर्वात कडक आहे हे मला इथे उभं राहिल्यावर कळतंय, कारण चकल्यांचा वास माझ्या मागच्याच टेबलावरून येतोय.

बाहेरच्या हॉलमध्ये मुलांनी केलेले किल्ले आत्ताच पाहून आलो. काय सुंदर केलेत! माझ्या लहानपणी साताऱ्याला आम्ही अंगणात दगड-विटा रचायचो, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल, आणि वर हळीव पेरायचो. चार दिवसांनी गड हिरवा व्हायचा. इथे बाल्कनीत बाउमार्क्टमधल्या कुंडीच्या मातीचं पोतं येतं, हळिवाच्या जागी क्रेस येतं, आणि मावळे म्हणून प्लेमोबीलचे सरदार उभे राहतात. एका किल्ल्यावर तर पहारा द्यायला पोलिसांची हिरवी गाडी आहे. असू दे. महाराज वर सिंहासनावर आहेत ना, मग खाली कोण कुठल्या गणवेशात आहे ते आपण बघायचं नाही.

पण आज मी रायगडाविषयी बोलणार नाही. ती गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली सांगणारे लोक या सभागृहात बसलेत. मी बोलणार आहे आपल्या शेजारच्या किल्ल्याविषयी. ऊ-सात पकडा, त्सिटाडेले स्टेशनवर उतरा, पाच-सात मिनिटं चाला, की पाण्याने वेढलेला लाल विटांचा एक कोट समोर येतो. हात वर करा बघू, किती जणांनी तो आतून पाहिलाय? ... हं. आणि किती जणांनी रायगड पाहिलाय? बघा! चार हजार मैलांवरचा पाहिला आणि चार स्टेशनांवरचा राहिला. मीसुद्धा तुमच्यातलाच. बर्लिनमध्ये राहून अठरा वर्षं मी तो फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिला होता.

आम्हाला तिथे नेलं ते माझ्या मुलीने. चौथीत असताना तिला शाळेत एका किल्ल्यावर माहिती सांगायची होती. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आण्णा निवृत्त शिक्षक, इतिहास आणि मराठी शिकवायचे, शाळेच्या सहली घेऊन अर्धा सह्याद्री पायाखाली घातलेले. त्यांना वाटलं, नात अर्थातच प्रतापगड घेणार. त्यांनी कागदावर नकाशासुद्धा काढून ठेवला. आणि ही म्हणाली, "आजोबा, मी श्पांडाऊ घेतलाय. बाईंनी सांगितलंय की आपण जाऊन बघू शकू असाच किल्ला घ्या."

आण्णा काही बोलले नाहीत. रात्री मला मात्र म्हणाले, "अरे, बरोबरच आहे तिचं. पण तिथे लढाई तरी झाली का रे एखादी?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही तिघं एका रविवारी निघालो.

आता थोडी माहिती. श्पांडाऊ हे गाव बर्लिनपेक्षा जुनं. तिथल्या कोटाचा लेखी उल्लेख ११९७ सालचा आहे, आणि बर्लिनचं जोडगाव क्योल्न पहिल्यांदा कागदावर येतं ते १२३७ साली. त्यामुळे श्पांडाऊचे लोक अजूनही म्हणतात की बर्लिन श्पांडाऊजवळ आहे. १९२० साली श्पांडाऊ बर्लिनमध्ये सामील केलं गेलं, आणि हे त्यांना अजून पूर्ण पटलेलं नाही. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडकर असतात तसंच थोडंफार.

हाफेल आणि श्प्रे या दोन नद्यांच्या संगमाजवळ हा किल्ला आहे. समुद्र नाही, डोंगर नाही, सगळी दलदल. आपला जलदुर्ग म्हणजे बेट पाहायचं आणि खडकावर बांधायचं. इथे खडकच नाही, त्यामुळे जमिनीत लाकडाचे खांब ठोकून त्यावर विटांचा डोंगर उभा केलाय. ब्रांडेनबुर्गचा कुरफ्युर्स्ट, म्हणजे राजाच समजा, योआखिम दुसरा, याने १५५९ साली हे काम सुरू केलं. तेव्हा आपल्याकडे विजयनगर अजून उभं होतं. काम संपलं १५९४ ला. शहाजीराजांचं जन्मसाल बऱ्याच ठिकाणी हेच दिलेलं असतं.

 त्या काळात किल्ला म्हटलं की इटालियन माणूस बोलवायचा, जसं आज सॉफ्टवेअर म्हटलं की... असो. पहिला आला फ्रांचेस्को किआरामेल्ला. त्याच्यानंतर १५७८ पासून काउंट रोखुस लिनार. हा तोस्कानाचा. फ्रान्सच्या राजाकडे नोकरी केली, पुढे प्रॉटेस्टंट धर्म घेतल्यामुळे तिथे राहणं अवघड झालं, आणि जर्मन दरबारांमधून फिरत फिरत इथे येऊन ठेपला. शेवटपर्यंत इथेच राहिला. श्पांडाऊच्या निकोलाई चर्चमध्ये त्याने १५८२ साली दिलेली मोठी वेदी आजही आहे. कामासाठी आलेला परदेशी इंजिनियर, चार देशांचं पाणी प्यायलेला, म्हातारपणी गावच्या देवळाला देणगी देतो, आणि तिथलाच होऊन जातो! आण्णा त्या वेदीसमोर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "हे तुमच्यासारखंच की." मी तो विषय वाढवला नाही.

इटालियनच का, हे मुलांना सांगायला हवं, कारण पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत याचा उपयोग आहे. तुमच्या सगळ्या किल्ल्यांना बुरूज गोल आहेत. मी पाहिलं, बहुतेकांनी बिस्किटाचे गोल डबे घातलेत आत. गोल बुरूज दिसायला छान, पण त्यात एक खोड आहे. शत्रू धावत येऊन त्याच्या अगदी पायाशी चिकटला, तर शेजारच्या बुरुजावरून तो दिसत नाही. गोलाईच्या पुढे एक आंधळी जागा राहते. तिथे बसून तो निवांत सुरुंग खणतो. १४९४ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स मोठमोठ्या तोफा घेऊन इटलीत उतरला, आणि उंच उंच जुन्या भिंती पत्त्यासारख्या कोसळल्या. तेव्हा तिथल्या वास्तुविशारदांनी नवी रीत काढली. भिंत ठेंगणी करा, जाड करा, आतून मातीने भरा, आणि बुरूज गोल न करता बाणाच्या टोकासारखा करा. बाणाच्या दोन्ही बाजू सरळ असतात, म्हणून शेजारच्या बुरुजावरून त्यांच्यावर सबंध नजर राहते. आंधळी जागाच उरत नाही. चार बुरूज एकमेकांची पाठ राखतात.

भूमध्य समुद्राच्या काठी ही रीत वणव्यासारखी पसरली. माल्टाला १५६६ साली अख्खं व्हालेट्टा शहर या पद्धतीने आखलं. तिथला सेंट एल्मोचा किल्ला आज युद्धाचं संग्रहालय आहे. आणि तीच रीत आल्प्स ओलांडून आपल्या ऊ-सातच्या स्टेशनपाशी आली. श्पांडाऊला असे चार बाणटोकी बुरूज आहेत. त्यांची नावं राजा, राणी, युवराज आणि ब्रांडेनबुर्ग. वरून पाहिलं तर चौकोनी कासव चार पाय पसरून पाण्यात बसलंय असं दिसतं.

आणि हीच रीत पोर्तुगीजांबरोबर जहाजात बसून आपल्या वसईलाही गेली बरं का! वसईचा कोट पाहिलात ना? त्याचे बुरूज सिंधुदुर्गासारखे गोल नाहीत, टोकदार आहेत. चिमाजी आप्पांना तो घ्यायला इतका त्रास का झाला, याचं अर्धं उत्तर त्या आकारात आहे. सुरुंग लावून लावून शेवटी मे १७३९ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. म्हणजे श्पांडाऊ आणि वसई हे चुलत भाऊ. हे मी आण्णांना तटावर उभं राहून सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी पिशवीतून वही काढून श्पांडाऊच्या बुरुजाचं चित्र काढलं आणि शेजारी वसईचं.

हां, लढाई. लढाईचं काय? आण्णांनी तिकिटाच्या खिडकीपासून तोच धोशा लावला होता. तर ऐका.

पहिली लढाई काठ्यांची. १५६७ साली योआखिमने करमणूक म्हणून बर्लिनकर आणि श्पांडाऊकर यांच्यात लुटुपुटूची लढाई लावली. ठरलं होतं की बर्लिनने जिंकायचं. श्पांडाऊकरांना हे कोणी नीट समजावलं नसावं, किंवा समजूनही त्यांनी मनावर घेतलं नसावं. त्यांनी बर्लिनकरांना यथेच्छ बडवलं. माझ्या मुलीच्या शाळेतल्या भाषणात याला सगळ्यात जास्त हशा मिळाला.

खऱ्या लढायांची गोष्ट मात्र वेगळी. १८०६ साली नेपोलियनची फौज दाराशी आली आणि किल्लेदाराने एक गोळी न झाडता किल्ला देऊन टाकला. १८१३ साली आत फ्रेंच होते आणि बाहेर प्रशियन व रशियन. तोफगोळ्यांनी राणीच्या बुरुजातलं दारूचं कोठार उडालं, आणि मग फ्रेंचांनी किल्ला सोडला. म्हणजे हिशेब करा. इतका शास्त्रशुद्ध, इतका खर्चाचा किल्ला, आणि आत बसलेल्याने वेढा परतवून लावला असं एकदाही नाही. आण्णा म्हणाले, "बाजीप्रभू नाही, मुरारबाजी नाही. काय शिकवायचं मुलांना?" नात म्हणाली, "आजोबा, वर टॉवरवर जाऊ या."

तो टॉवर म्हणजे युलियुसटुर्म. तेराव्या शतकातला, किल्ल्याच्या आधीचा, बर्लिनमधल्या सर्वात जुन्या बांधकामांपैकी एक. उंची तीसेक मीटर. वरचे दाते मात्र १८३८ सालचे, शिंकेलच्या आराखड्यावरून बांधलेले. या टॉवरमध्ये काय होतं माहितेय? सोनं! १८७१ ला फ्रान्सला हरवल्यावर जर्मनीने पाच अब्ज फ्रँक खंडणी घेतली. त्यातली १२ कोटी मार्कांची सोन्याची नाणी पुढच्या युद्धाची तजवीज म्हणून १८७४ पासून इथे ठेवली. बाराशे पेट्या, प्रत्येक पेटीत एक लाख मार्क. माझ्यातल्या इंजिनियरने लगेच वजन काढलं, साधारण ४३ टन शुद्ध सोनं होतं. ना व्याज, ना उपयोग. पहिलं महायुद्ध येईपर्यंत ते नुसतं पडून होतं. आमच्या आण्णांचं मत असं की शिवाजीमहाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली आणि नोव्हेंबरात मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला, याला म्हणतात पैसा फिरवणं. मला हे मत शंभर टक्के मान्य आहे. गंमत म्हणजे १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीचे अर्थमंत्री फ्रिट्झ शेफर यांनी तिजोरीत पैसा साठवायला सुरुवात केली, तेव्हा त्या शिल्लकीलाही लोकांनी युलियुसटुर्म हेच नाव दिलं. अजूनही पेपरात कधीकधी हा शब्द येतो. तुम्ही वाचलात तर आता अडखळणार नाही.

टॉवरवरून खाली उतरल्यावर आम्ही राणीच्या बुरुजात गेलो. आणि तिथे आमची सहल थांबली.

आत थंड, अर्धवट अंधार. आणि रांगेने ठेवलेले दगड. हिब्रू अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड. ७० हून जास्त. सर्वात जुना १२४४ सालचा, योना नावाच्या माणसाचा, दानच्या मुलाचा. मध्ययुगात श्पांडाऊमध्ये ज्यूंची दफनभूमी होती. १५१० साली बर्लिनमध्ये त्यांच्यावर धर्मविटंबनेचा खोटा आरोप ठेवून खटला चालवला, ३८ जणांना जाळलं, आणि बाकीच्यांना ब्रांडेनबुर्गमधून हाकलून दिलं. दफनभूमीला मालक उरला नाही. मग किल्ल्यात दुरुस्ती करायला, भिंती बांधायला दगड हवे होते, तेव्हा हे आयते घडवलेले दगड उचलून वापरले. या दलदलीच्या मुलखात दगड मिळतो कुठे? नावं आत, भिंतीत तोंड करून. यातले बरेचसे १९५० च्या दशकात जुन्या महालाची दुरुस्ती काढली तेव्हा हाती लागले. म्हणजे चारशे वर्षांहून जास्त काळ लोक त्या भिंतींना टेकून बसत होते, आणि भिंतीत माणसांची नावं होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, यांना परत का नाही नेऊन ठेवत?" मी म्हटलं, "कुठे? ती जागाच राहिली नाही."

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर येऊन बाकावर बसले, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "भीमाशंकरची घंटा आठवते तुला?" मला आठवत होती. लहानपणी त्यांनीच मला उचलून ती वाजवायला लावली होती. ती चर्चची घंटा आहे. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना दिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, भीमाशंकरला आहे. आण्णा म्हणाले, "पस्तीस वर्षं मुलांना अभिमानाने दाखवली. अभिमानाचीच गोष्ट आहे, वसई काही फुकट मिळाली नाही. माणसं मेली आपली. पण ती घंटा आधी कोणासाठी वाजत होती, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही."

मी म्हटलं, "आण्णा, दोन्हींत फरक आहे. ती लढाईतली होती, हे तर नि:शस्त्र लोक होते." ते म्हणाले, "फरक आहेच. नाही कोण म्हणतंय? आणि चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांना बायकामुलांसह, सामानासह, सन्मानाने जाऊ दिलं, तेही मी सांगायला हवं होतं. मी फक्त बुरूज कसा उडवला तेवढंच रंगवून सांगायचो. मुलांना तेच आवडायचं." थोडं थांबून म्हणाले, "मलाही."

मंडळी, मी हे इथे सांगावं का, यावर घरी चर्चा झाली. बायको म्हणाली, दिवाळी आहे, लोक नटूनथटून आलेत, थडग्यांचं कशाला? मला तिचं पटतही होतं. पण आपली मुलं इथल्या शाळेत जातात. इथे त्यांना तेरा-चौदाव्या वर्षी स्वत:च्या देशाच्या वाईट गोष्टी पाठ्यपुस्तकातून शिकवतात, छळछावणी दाखवायला नेतात. मग ती घरी येऊन आपल्याला विचारतात, आपल्याकडे काय झालं? तेव्हा आपण एकदम पोवाड्याच्या चालीत बोलायला लागतो. निदान मी तरी लागतो.

पुढची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १९३५ पासून या किल्ल्यात जर्मन लष्कराची विषारी वायूंची प्रयोगशाळा होती. युद्धानंतर कितीतरी दशकांनी सुद्धा तिचे अवशेष जमिनीत शोधावे लागले. एप्रिल १९४५ मध्ये रशियन फौजा आल्या. किल्ल्यात जर्मन सैनिक होते, आणि आसऱ्याला आलेली गावातली माणसं, बायका-मुलंही. तोफा लावल्या असत्या तर आतलं कोणी वाचलं नसतं. १ मे रोजी दोन रशियन अधिकारी, मेजर ग्रिशिन आणि कॅप्टन व्लादिमीर गाल, पांढरं निशाण घेऊन दाराशी गेले. दार आतून अडथळे रचून बंद. वरच्या सज्जातून दोराची शिडी खाली सोडून जर्मन अधिकारी उतरले आणि म्हणाले, आमचं एकमत होत नाही. तेव्हा हे दोघं नि:शस्त्र त्याच शिडीने वर चढले आणि आत जाऊन सगळ्या अधिकाऱ्यांशी बोलले. विचार करा, वर काय वाट्याला येईल याचा काही भरवसा नव्हता. गाल पंचविशी-सव्विशीतला, मॉस्कोला जर्मन भाषा शिकलेला तरुण. तो दुभाषा होता. दोघं सुखरूप खाली आले, मुदत दिली, आणि मुदतीत किल्ला शरण आला. गोळी न झाडता.

गाल स्वत: ज्यू होता. आणि तो ज्या किल्ल्यात बोलणी करायला चढला, त्याच्या भिंतींत त्या दिवशी ते दगड होते. त्याला ते माहीत असणं शक्यच नव्हतं. पुढे तो पुन्हा पुन्हा श्पांडाऊला आला, गावाने त्याचा मान केला. २०११ साली तो वारला. त्याचा मित्र कोनराड वोल्फ याने १९६८ साली काढलेल्या 'मी एकोणीस वर्षांचा होतो' या चित्रपटात ही शरणागती आहे. मिळाला तर जरूर बघा.

आण्णांनी ही सगळी गोष्ट उभ्याने ऐकली. मी जर्मन पाटी वाचून मराठीत सांगत होतो, आणि मध्ये एका शब्दाला अडलो तर मुलीने सांगितला. त्या सज्जाखाली जाऊन आण्णांनी उंची डोळ्यांनी मोजली. म्हणाले, "दोराच्या शिडीने. म्हणजे घोरपडीशिवाय चढले." मग म्हणाले, "हा किल्ला एकदा तरी बरोबर माणसांच्या हाती पडला." सबंध दिवसात किल्ल्याला त्यांनी दिलेले हे पहिले मार्क.

इथे एक खुलासा. बरेच जण मला विचारतात, रुडॉल्फ हेस इथेच होता ना? नाही. तो श्पांडाऊच्या तुरुंगात होता, ती इमारत वेगळी, गावाच्या दुसऱ्या बाजूला. तो १९८७ साली मेल्यावर ती पाडून टाकली.

युद्धानंतर किल्ल्यात बरीच वर्षं बांधकामाची शाळा भरत होती. मग हळूहळू संग्रहालय झालं. जुन्या शस्त्रागारात १९९२ पासून श्पांडाऊ शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. ते मी भरभर पाहिलं, कारण मुलीला भूक लागली होती. पण २०१६ साली तिथे धान्याच्या जुन्या कोठारात एक प्रदर्शन उघडलं, ते पाहायला मी नंतर चार वेळा गेलोय. बर्लिनने वेळोवेळी रस्त्यांवरून काढून टाकलेले पुतळे तिथे ठेवलेत. कैसर दुसरा विल्हेल्म याने टियरगार्टनमध्ये आपल्या आधीच्या राज्यकर्त्यांचे ३२ संगमरवरी पुतळे ओळीने उभे केले होते, १९०१ साली ते काम पुरं झालं. बर्लिनकर त्या रस्त्याला बाहुल्यांची गल्ली म्हणायचे. युद्धानंतर ते पुतळे बेलव्ह्यूच्या बागेत पुरले, मग उकरले, आणि आता ते इथे आहेत. नाक फुटलेले, हात तुटलेले, जमिनीवर आपल्याच उंचीला उभे.

आणि लेनिनचं डोकं! पूर्व बर्लिनमध्ये १९७० साली १९ मीटर उंचीचा लेनिन उभा केला होता. १९९१ मध्ये त्याचे तुकडे करायला घेतले आणि ते शहराच्या कडेच्या जंगलात वाळूखाली पुरले. प्रदर्शनासाठी डोकं बाहेर काढायचं ठरलं तर एक अडचण आली. त्या वाळूत संरक्षित जातीच्या सरड्यांनी घरं केली होती. जर्मनीत क्रांतीला कोणी थांबवलं नाही तरी सरडा थांबवू शकतो! सरड्यांची सोय लावून २०१५ च्या सप्टेंबरात साडेतीन टनांचं ते डोकं निघालं. आता ते कुशीवर ठेवलंय, एक कान वर. उभं नाही केलं, मुद्दामच. मुलांना हात लावू देतात.

बार्सिलोनाला गेलात तर मोंजुइकचा किल्ला बघा. समुद्रावर नजर ठेवायला बांधलेला, पण १८४२ साली त्याच्या तोफा स्वत:च्याच शहरावर डागल्या, आणि १९४० साली फ्रँकोच्या राजवटीने कातालुन्याचे अध्यक्ष कोंपान्य यांना तिथे गोळ्या घातल्या. पुढे तिथे लष्करी संग्रहालय होतं, नुसत्या तलवारी आणि बंदुका. २००९ साली ते बंद झालं. किल्ल्यात काय ठेवायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. आता आपल्यालाही पडणार आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. शिवनेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, पार तमिळनाडूतला जिंजीसुद्धा. मला बातमी कळली तेव्हा पहिला फोन आण्णांना करावा असं वाटलं, आणि मग लक्षात आलं की त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

त्यांची ती वही माझ्याकडे आहे. श्पांडाऊच्या चित्राखाली त्यांनी त्यांच्या शिक्षकी अक्षरात टीप लिहिली आहे, "भिंतीतील दगड पाहिले. पुढच्या वर्गाला वसई सांगताना घंटेचे सांगणे." ते निवृत्त होऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. पुढचा वर्ग कुठला असणार? पण लिहून ठेवलं. म्हणून तो वर्ग मी आज इथे घेतला. फराळ थांबवून घेतला, त्याबद्दल माफ करा.

मुलांनो, आता तुमच्यासाठी. पुढच्या वर्षी ज्यांना बाणटोकी बुरूज करायचा आहे त्यांनी बिस्किटाचा डबा न घेता बुटाच्या खोक्याचा कोपरा कापून घ्या, तो बरोबर बसतो. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आपण सगळे श्पांडाऊला जातोय. अकरा वाजता त्सिटाडेले स्टेशनवर, वर रस्त्यावर, खाली फलाटावर नाही. किल्ल्यात हिवाळ्याला दहा हजारांच्या आसपास वटवाघळं झोपायला येतात, त्यामुळे आत ओरडायचं नाही. स्वेटर घाला, बुरुजात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा असतो. उरलेल्या चकल्या कोणीतरी बरोबर घ्या.